सर्व्हर बंद पडला तर बत्तिसावा मजला काय करतो?

परवा एका जुन्या मित्राबरोबर चहा पीत बसलो होतो. तो वेबवाला, लाखो युजर, सेकंदाला हजारो रिक्वेस्ट वगैरे भाषेत बोलणारा. मी उंच ऑफिस इमारतींच्या बीएमएसचं सॉफ्टवेअर लिहितो हे त्याला कित्येक वर्षं माहीत आहे, पण म्हणजे नक्की काय करतो हे त्याने कधी विचारलं नव्हतं. परवा विचारलं. मी सांगितलं की बीएमएस म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टीम. इमारतीतला एसी, ताजी हवा, पंप, पाण्याच्या टाक्या, विजेचे मीटर, कॉमन एरियातले दिवे हे सगळं एका ठिकाणाहून बघायचं आणि चालवायचं.

"एकूण पॉइंट किती?"

"चौतीस मजले. प्रत्येक मजल्यावर दोन एएचयू, तीसेक व्हीएव्ही. मजल्याला पाचशे धर. वर तळघरातला प्लांट आणि मीटर. वीस हजारांच्या आसपास."

त्याने मनातल्या मनात भागाकार केला. "दर मिनिटाला एक रीडिंग म्हणजे सेकंदाला साडेतीनशेसुद्धा नाहीत. अरे, हे माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल. यात स्केलेबल काय करायचंय तुम्हाला?"

गणित त्याचं बरोबर होतं, आणि त्याचं काही चुकत होतं असंही नाही. किंबहुना अगदी हाच हिशोब मी स्वतः काही वर्षांपूर्वी केला होता, आणि त्याच्या जोरावर एका टॉवरची पूर्ण वाट लावली होती. म्हणून हा शनिवारचा लेख.

(एएचयू आणि व्हीएव्ही म्हणजे काय ते एकदाच सांगतो. एएचयू हे मजल्याच्या कोपऱ्यात, बंद खोलीत बसलेलं कपाटाएवढं यंत्र. तळघरातून आलेल्या थंड पाण्यावरून हवा फिरवून ती मजल्यावर ढकलतं. व्हीएव्ही हा फॉल्स सीलिंगमधला पत्र्याचा डबा, तुमच्या डोक्यावर किती हवा सोडायची ते ठरवणारा. तुम्ही ऑफिसात ज्याच्या नावाने बोटं मोडता, तो बहुतेक वेळा हाच.)

तर गोष्ट अशी. २०१५ चा मे महिना, मुंबईतला एक ऑफिस टॉवर. नाव सांगत नाही, आणि दोष टॉवरचा नव्हताच. एएचयू सकाळी किती वाजता सुरू करायचे आणि रात्री किती वाजता बंद करायचे याचं वेळापत्रक मी सर्व्हरमध्ये ठेवलं होतं. साडेसात वाजले की सर्व्हर ६८ एएचयूंना एकेक करून "सुरू हो" असा निरोप पाठवणार. कारणही तसं चांगलं होतं. भाडेकरू कंपन्या सारख्या सांगायच्या, आज आमची रिलीज आहे, दहापर्यंत एसी हवा. मग एकाच स्क्रीनवर बदल करता आला की फॅसिलिटी मॅनेजर खूश. आणि खरं सांगायचं तर सर्व्हरची स्क्रिप्ट लिहिणं मला येत होतं. मजल्यावरच्या कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम भरणं हे मला "इलेक्ट्रिशियनचं काम" वाटायचं. चूक तिथेच झाली.

रविवारी संध्याकाळी आयटीवाल्यांनी आमचं व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या हार्डवेअरवर हलवलं. मशीन व्यवस्थित उठलं. वेब सर्व्हर उठला, डेटाबेस उठला. मजल्यांशी बोलणारी सर्व्हिस तेवढी उठली नाही.

सोमवारी आठला बीएमएसचे ऑपरेटर आले. वय पन्नाशीच्या पुढे, आधी एका मिलमध्ये होते, मग इथे. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी स्क्रीन बघितली, सगळं हिरवं. कारण स्क्रीनवर रविवारी संध्याकाळची शेवटची रीडिंग दिसत होती, आणि रविवारी संध्याकाळी इमारतीत खरोखरच काही बिघाड नव्हता. पावणेनऊपासून फोन सुरू झाले. मला फोन आला तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"साहेब, वर लोक घामाने निथळतायत आणि इथे सगळं हिरवंच दिसतंय. मी काय करू?"

मी म्हटलं, "काका, पाच मिनिटं द्या, लॉगिन करून बघतो." त्यांनी पाच मिनिटं दिली नाहीत, हे फार बरं केलं. दोन मुलं बरोबर घेतली, एएचयू रूमच्या किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि वरपासून खालपर्यंत एकेका पॅनेलवरचा स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवत सुटले. साडेदहापर्यंत पूर्ण इमारत हाताने चालू केली. त्यातली गंमत पुढे आहे. तळघरातला चिलर प्लांट त्या दिवशी सकाळी सव्वासातला आपला आपण सुरू झाला होता. त्याचं वेळापत्रक त्याच्याच डब्यात होतं, तो पुरवणाऱ्या कंपनीने आमच्यावर विश्वास ठेवला नव्हता! खाली सात अंशाचं पाणी पाइपातून फिरत होतं आणि वर ते घ्यायला एकही पंखा चालू नव्हता. चिलर सुरू व्हायचा, भार नाही म्हणून थांबायचा, परत सुरू व्हायचा.

सर्व्हिस मी साडेनऊलाच सुरू केली होती, पण तोवर पॅनेल मॅन्युअलवर जायला लागली होती. त्यांच्यापुढे माझ्या सर्व्हरला किंमत शून्य.

असो. इथपर्यंत ही नेहमीची आउटेजची गोष्ट झाली. तुमच्यातल्या प्रत्येकाकडे अशा दोन-चार असतील. खरा खर्च त्यानंतर झाला.

सप्टेंबरमध्ये एका वेगळ्याच कामासाठी मी त्या टॉवरवर रात्री गेलो होतो. साडेअकराची वेळ. जिन्याने उतरताना लक्षात आलं की मजल्यामजल्यावर एएचयू घोंघावतायत. आत चिटपाखरू नाही. मोजले, २२ निघाले. मे महिन्यात मॅन्युअलवर टाकलेले स्विच परत ऑटोवर आलेच नव्हते. सरासरी साडेसात किलोवॉटची मोटर पूर्ण वेगाने चालली असं धरलं, तर रात्रीच्या बारा तासांत दोन हजार युनिटच्या जवळपास जातात. युनिटमागे दहा रुपये धरले तरी रोज रात्री वीस हजार रुपये. सुमारे चार महिने!

दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं. ते रागावले नाहीत, लाजलेही नाहीत. म्हणाले, "साहेब, तुमचा ऑटो परत बंद पडला तर शिव्या मला पडतात. मॅन्युअलवर असलं की मला झोप लागते."

त्यांचं बरोबर होतं. पुढचं वाक्य मला अजून टोचतं, कारण ती माहिती आमच्याकडे होती. प्रत्येक पॅनेलचा ऑटो/मॅन्युअल संकेत सर्व्हरपर्यंत येत होता. मी तो स्क्रीनवर एका इवल्याशा हाताच्या चित्राने दाखवला होता आणि विसरून गेलो होतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. उंच इमारत बांधणाऱ्या इतर सगळ्या लोकांनी "स्केल" म्हणजे काय ते आपल्या कितीतरी आधी शिकून घेतलंय. पाण्याचा दहा मीटरचा स्तंभ म्हणजे साधारण एक बार दाब. दोनशे मीटर उंचीच्या इमारतीत एकच सलग पाइप टाकला तर तळाशी वीस बार येईल. म्हणून एसीचे इंजिनिअर मधल्या एखाद्या यंत्रमजल्यावर हीट एक्सचेंजर बसवतात. खालचं पाणी खाली फिरतं, वरचं वर, आणि दोघांत फक्त उष्णतेची देवाणघेवाण होते. लिफ्टवाल्यांनीही तेच केलं. तुमच्या ऑफिसच्या लॉबीत "लो राइज" आणि "हाय राइज" असे दोन कोपरे असतील ते याचसाठी. १९७० च्या दशकात उभ्या राहिलेल्या न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये ४४व्या आणि ७८व्या मजल्यावर उतरून लिफ्ट बदलावी लागायची. प्लंबर घ्या, लिफ्टवाला घ्या, अग्निशमनवाला घ्या, प्रत्येकाने उंचीचे तुकडे केले आणि तुकडा स्वतःपुरता पूर्ण ठेवला. आपण सॉफ्टवेअरवाले मात्र गेलो आणि ३४ मजल्यांची अक्कल तळमजल्यावरच्या एका खोलीत नेऊन ठेवली. का, तर लोड झेपतो म्हणून!

लोड झेपतो का, हा प्रश्नच चुकीचा आहे, असं माझं आता ठाम मत आहे. उंच इमारतीत विचारायचा प्रश्न एकच: वरचा धागा तुटला तर हा मजला काय करेल?

धागा किती बारीक असतो तेही सांगतो. बऱ्याच इमारतींमध्ये मजल्यावरचे कंट्रोलर आजही दोन वायरींच्या आरएस-४८५ लाइनवर माळेसारखे ओवलेले असतात. त्यावर बॅकनेट नावाची भाषा चालते. अ‍ॅशरे या संस्थेने १९८७ मध्ये तिच्यावर काम सुरू केलं आणि १९९५ मध्ये ती स्टँडर्ड म्हणून आली. माळेवरचा वेग बहुतेक ठिकाणी ३८,४०० बिट प्रति सेकंद. बाइटमागे दहा बिट, म्हणजे सेकंदाला ३,८४० बाइट. आपल्या फोनमधला एक फोटो या माळेवरून पाठवायचा म्हटलं तर दहा-पंधरा मिनिटं सहज जातील. शिवाय एका वेळी एकानेच बोलायचं, टोकन हातात आलं की बोलायचं आणि पुढच्याकडे द्यायचं. एखादा डबा बिघडला की सगळी माळ त्याची वाट बघत बसते. मित्राच्या लॅपटॉपला साडेतीनशे रीडिंग काहीच नाहीत, पण ती या माळेतून निघून वर येणार आहेत हे त्याच्या भागाकारात नव्हतं. अशा धाग्यावर "पंखा सुरू करू का?" हा प्रश्न टांगून ठेवायचा म्हणजे अवघडच.

"मग दोन धागे टाका ना, रिडंडन्सी!" असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडेही होते. मजल्यांना जोडणारी फायबरची रिंग होती, ड्रॉइंगवर फार सुंदर दिसायची. प्रत्यक्षात जाणारी आणि येणारी, दोन्ही फायबर एकाच शाफ्टमधून एकाच ट्रेवर झोपलेल्या. जागेचं भाडं एवढं असताना दुसरा शाफ्ट कोण देणार?

यावरून मला नेहमी फिलाडेल्फियाची वन मेरिडियन प्लाझा ही इमारत आठवते. ३८ मजली ऑफिस टॉवर. २३ फेब्रुवारी १९९१, शनिवारची रात्र. २२व्या मजल्यावर लाकूडकामासाठी वापरलेली, जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी पडून होती, ती आपोआप पेटली. स्मोक डिटेक्टरचा संकेत आला तेव्हा इमारतीचा माणूस बघायला म्हणून लिफ्टने वर गेला. दार उघडलं ते थेट आगीत. खालच्या गार्डने लिफ्ट खाली बोलावून घेतली म्हणून तो वाचला. इमारतीची मुख्य वीज आणि पर्यायी वीज, दोन्हींच्या केबल एकाच बंदिस्त जागेतून वर गेल्या होत्या. आग तिथे पोचली आणि दोन्ही गेल्या. आपत्कालीन जनरेटरनेही साथ दिली नाही. मग ना लिफ्ट, ना दिवे, ना पंप. जवान अंधारात जिन्याने अवजड सामान वर नेत होते. त्यात मजल्यांवरच्या पाण्याच्या जोडण्यांना दाब कमी करणारे व्हॉल्व्ह होते, तेही चुकीच्या सेटिंगवर. नळीला पुरेसा जोरच नाही. तीन जवान गेले. आग साधारण १९ तास चालली आणि मजल्यामागून मजला खात वर गेली.

ती थांबली तिसाव्या मजल्यावर. त्या मजल्यावर स्प्रिंकलर बसवलेले होते, खालच्या जळालेल्या मजल्यांवर नव्हते. दहा स्प्रिंकलर उघडले आणि शेकडो जवानांना जे जमलं नव्हतं ते झालं. पाणी अर्थातच खालून, अग्निशमन दलाच्या गाड्यांनी ढकललेलं होतं. पण कुठे, कधी, किती हा निर्णय त्या दहा तोट्यांनी आपापल्या जागी घेतला. आज सगळ्यात जास्त दिसणाऱ्या स्प्रिंकलरमध्ये ६८ अंशाला फुटणारी काचेची लहानशी नळी असते. ना सर्व्हर, ना नेटवर्क, ना लॉगिन. माझ्या मते त्याच्याइतका स्केलेबल कंट्रोलर अजून कोणी बनवलेला नाही.

(इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आमच्या धंद्यातले लोक मला फाडून खातील. फायर अलार्म ही बीएमएसपेक्षा वेगळी यंत्रणा असते आणि वेगळीच असायला हवी. धूर आल्यावर एएचयू बंद करणारी वायर फायर पॅनेलमधून थेट स्टार्टरकडे जाते, मध्ये आमच्या सॉफ्टवेअरची एक ओळही नसते. सगळं एकाच प्लॅटफॉर्मवर आणण्याची आजकाल हौस आहे. बघायला आणा, चालवायला नको.)

मग आम्ही काय बदललं? २०१६ चं जवळजवळ पूर्ण वर्ष त्यात गेलं. वेळापत्रक प्रत्येक मजल्याच्या कंट्रोलरमध्ये गेलं. सर्व्हरने फक्त बदल पाठवायचे, घड्याळाकडे बघून पंखा सुरू करायचं काम मजल्याचं. हे लिहायला एक ओळ लागली, करायला सात महिने.

दुसरं म्हणजे वरून येणाऱ्या प्रत्येक हुकमाला मुदत लावली. हा भाग वेबवाल्यांना लगेच कळेल, तुमच्याकडे कॅशला किंवा डीएनएसच्या रेकॉर्डला असते तशीच. बॅकनेटमध्ये प्रत्येक आउटपुटला सोळा पायऱ्यांची उतरंड असते. पहिल्या पायरीवर माणसाच्या जिवाशी संबंधित हुकूम, आठव्यावर ऑपरेटरने हाताने दिलेला, आणि वेळापत्रक वगैरे त्याच्या खाली. वरच्या पायरीवर काही लिहिलेलं असेल तर खालच्या पायरीवरच्याला कोणी विचारत नाही. आणि आठव्या पायरीवर लिहिलेलं, कोणी आठवणीने पुसेपर्यंत, तसंच राहतं. कुठल्याही जुन्या इमारतीत जा आणि आठव्या पायरीवर काय काय पडून आहे त्याची यादी काढा. कधीकाळी कोणा डायरेक्टरच्या मीटिंगसाठी उघडलेले डॅम्पर सापडतील. आता आमच्याकडे स्क्रीनवरून दिलेला हुकूम दोन तासांत आपोआप उतरतो. जास्त हवा असेल तर परत द्या. ऑपरेटर सुरुवातीला वैतागले, मग रुळले.

"पण काही निर्णय केंद्रालाच घ्यावे लागतात ना?" घ्यावे लागतात. पंख्याने किती दाब ठेवायचा, चिलरने पाणी किती थंड करायचं, हे एकट्या डब्याला कळणार नाही, त्यासाठी सगळ्यांचं ऐकावं लागतं. पण ऐकायचं कसं याचं एक फार छान उत्तर अ‍ॅशरेच्या २०१८ च्या गाइडलाइन ३६ मध्ये आहे. नाव ट्रिम अँड रिस्पॉन्ड. प्रत्येक डब्याने आपली सगळी कहाणी वर सांगायची नाही. कमी पडत असेल तर फक्त हात वर करायचा. पंखा दर काही मिनिटांनी आपला दाब थोडा थोडा उतरवत राहतो. पुरेसे हात वर दिसले की थोडा चढवतो. दोन-चार कायमचे कुरकुरणारे असतातच, त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याचीही सोय आहे. (प्रत्येक ऑफिसात असतो तसा एक डबा असतोच.) एकेक निरोप इतका लहान की मजले वाढले तरी धाग्याला त्रास नाही. हीच रीत पुढे पाण्याला आणि चिलरलाही लावता येते.

अलार्मचंही तेच. वीज क्षणभर गेली की ३४ मजल्यांतून हजारावर ओळी स्क्रीनवर कोसळायच्या आणि त्या पावसात तळघरातला पाण्याचा पंप खरोखर बंद पडल्याची एक ओळ वाहून जायची. १९९४ मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. सर्व्हर वाढवता येतो, काका वाढवता येत नाहीत. आता मजल्याचा कंट्रोलर स्वतः बघतो की आपली वीज गेली आहे, आपले तीस-चाळीस अलार्म गिळतो आणि वर एकच पाठवतो: मजला चौदा, वीज नाही.

मजला चौदा म्हणताना मी थोडा अडखळलो, कारण त्याचीही एक कथा आहे. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये पार्किंगचे पोडियमही मजले म्हणून मोजलेले. लिफ्टमध्ये पोडियमला वेगळी अक्षरं आणि पुढे एकपासून सुरुवात. त्यात तेरा नंबर नाही, बारानंतर थेट चौदा. कंट्रोलर बसवणाऱ्या कंत्राटदाराने नावं दिली ती ड्रॉइंगप्रमाणे, भाडेकरू बोलतात ते लिफ्टप्रमाणे. म्हणजे स्क्रीनवरचा "चौदा" आणि फोनवरचा "चौदा" यांच्यात सहा मजल्यांचं अंतर. घाईच्या वेळी माणूस चुकीच्या मजल्यावर जाणार हे नक्की. तुमच्या प्रोजेक्टवर पहिल्या महिन्यात एकच काम करायचं असेल तर सगळ्या कंत्राटदारांना एका खोलीत बसवा आणि मजल्यांची व पॉइंटची नावं ठरवून घ्या. हजारो पॉइंटची नावं नंतर बदलण्याचं काम मी केलेलं आहे. शत्रूवरही येऊ नये.

या सगळ्याची किंमत नाही असं मी म्हणत नाही. मित्राने लगेच पकडलंच: "म्हणजे चौतीस ठिकाणी चौतीस प्रती. एक वेगळी राहिली तर?" राहिली होती की! २०१७ च्या १ मे रोजी महाराष्ट्र दिनाची सुट्टी १९व्या मजल्यापर्यंत पोचलीच नाही. बदल पाठवला तेव्हा तो कंट्रोलर दुरुस्तीला काढलेला होता. पूर्ण टॉवर बंद आणि १९वा मजला एकटाच दिवसभर गारेगार. तेव्हापासून सर्व्हर रोज रात्री सगळ्या प्रती ताडून बघतो आणि सकाळी फरकांची यादी देतो. काम वाढलं हे खरं. पण एका मजल्याने एक दिवस फुकट वीज खाणं आणि ३४ मजल्यांनी मेच्या सोमवारी घामाघूम होणं, यांत मी काय निवडेन हे सांगायला नको.

आजकाल क्लाउडवाले येतात. तुमचा सगळा डेटा वर द्या, आमचं एआय चिलर चालवेल, इतके टक्के वीज वाचेल. माझा विरोध नाही. पूर्ण इमारतीकडे, दहा इमारतींकडे एकत्र बघून सल्ला द्यायला क्लाउड उत्तम. मी एवढंच विचारतो की तुमच्या सल्ल्याची मुदत किती, आणि इंटरनेट गेलं तर चिलर कुठल्या आकड्यावर परत येणार? निम्म्यांकडे याचं उत्तर तयार नसतं. आणखी एक, जो दरवाजा तुमच्यासाठी उघडला तो इतरांसाठीही उघडा असतो. २०१३ मध्ये दोन सुरक्षा संशोधक इंटरनेटवरून गुगलच्या सिडनी ऑफिसच्या बीएमएसमध्ये शिरले होते. ते सज्जन होते, त्यांनी कळवलं. बॅकनेटची सुरक्षित, एन्क्रिप्टेड आवृत्ती २०१९ मध्ये आली, पण आधीच्या इमारती त्याच जुन्या माळांवर उभ्या आहेत, आणि त्या माळांवर पासवर्ड नावाची गोष्टच नाही.

नवीन टॉवर ताब्यात देण्याआधी आता मी एक चाचणी करतो. शनिवारी सकाळी सहा वाजता सर्व्हरची नेटवर्क केबल काढून खिशात ठेवतो आणि चहा प्यायला जातो. साडेसातला इमारत आपली आपण उठली पाहिजे, आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर सगळं हिरवं न दिसता राखाडी दिसलं पाहिजे, शेवटचं रीडिंग किती वाजताचं तेही. बहुतेक वेळा दोन-तीन मजले उठत नाहीत. कोणीतरी कुठेतरी "सोयीसाठी" सर्व्हरला विचारणारी एक ओळ घातलेली असते. मी घातली होती तशीच.

मित्राला हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे लॅपटॉपवर चालेल, हे बरोबरच होतं माझं." होतं. लॅपटॉप बंद करून घरी गेला तरी चालेल, इथपर्यंत आणायचं असतं.

काकांनी त्या जुन्या टॉवरमधले स्विच परत ऑटोवर आणायला पुढचं वर्षभर घेतलं. मी आग्रह केला नाही. एकेक मजला करायचे, पंधरा दिवस बघायचे, मग पुढचा. मागच्या भेटीत विचारलं तर एकविसावा अजून मॅन्युअलवरच होता. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "राहू द्या साहेब. रोज सातला मी स्वतः जाऊन चालू करतो, रात्री स्वतः बंद करतो. तेवढ्या निमित्ताने वर चक्कर होते." फरकांच्या यादीत तो मजला रोज सकाळी येतो. मी तो यादीतून काढलेला नाही.